चौथ्या मल्लाचा मान

दरवर्षी १५ जानेवारी हा दिवस आपल्या राज्यात 'राज्य क्रीडा दिन' म्हणून साजरा होतो. २०२४ पासून ही प्रथा सुरू झाली. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांचा हा जन्मदिवस. त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांतून तसबिरीला हार घातला जातो, भाषणे होतात आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या त्या पैलवानाची कथा पुन्हा एकदा सांगितली जाते. हे सर्व योग्यच आहे. उलट फार उशिरा सुरू झाले, असेच म्हणावे लागेल. परंतु भाषणे आटोपल्यावर श्रोत्यांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा. त्याच हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, खाशाबांच्या लगतच्या वजनगटात, आणखी एक मराठी मल्ल चौथा आला होता. त्याचे नाव काय?

उत्तर बहुधा येत नाही. विद्यार्थ्यांना येत नाही याचे नवल नाही, पण कुस्तीची आवड असणाऱ्या मोठ्या माणसांनाही ते चटकन सांगता येत नाही. त्या मल्लाचे आडनाव माणगावे. कोल्हापूरच्या तालमींत तयार झालेला हा गडी १९५२ साली जगातल्या चौथ्या क्रमांकाचा ठरला आणि मग आपल्या स्मरणातून जवळजवळ नाहीसा झाला. या मल्लाला आज मिळतो त्याहून अधिक मान मिळावयास हवा काय? माझे उत्तर 'होय' असे आहे. मात्र हा मान त्याच्यावर उपकार म्हणून द्यावयाचा नाही. तो दिल्याशिवाय आपल्याला खाशाबांचे पदकसुद्धा नीट समजणार नाही, हे मला या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. हेलसिंकीला खाशाबा फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो गटात, म्हणजे बँटमवेट गटात उतरले. चार वर्षांपूर्वी लंडनला ते त्याहून हलक्या गटात सहावे आले होते. या वेळी त्यांनी कांस्यपदक मिळविले. सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीला आणि रौप्यपदक सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हला मिळाले. त्यांच्या वरचा गट ६२ किलोंचा, फेदरवेट. त्यात तुर्कस्तानचा बायराम शित पहिला, इराणचा नासेर गिवेची दुसरा, अमेरिकेचा जोसाया हेन्सन तिसरा आणि भारताचा माणगावे चौथा. तुर्कस्तान आणि इराण म्हणजे त्या काळातली कुस्तीची माहेरघरे. त्या पंगतीत आपला माणूस चौथ्या पाटावर बसला होता. पदक अवघ्या एका गुणाने हुकले, असेही त्याच्याबद्दल सांगितले जाते.

पुढे काय झाले तेही पाहू. खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाड स्थानकापासून त्यांच्या गावापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ज्या प्राचार्य खर्डीकरांनी त्यांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, त्यांचे पैसे फेडण्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांचे फड केले. ते पोलीस खात्यात लागले आणि १९८४ साली अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव २०१० साली दिले गेले. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या, पदकविजेत्या मल्लाची ओळख पटवून घ्यायला आपल्याला अर्धे शतक लागले. मग चौथ्याचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

आपल्याकडे 'दिव्याखाली अंधार' अशी म्हण आहे. माणगावेच्या बाबतीत ती अगदी अक्षरशः खरी ठरली. कुस्तीगीर एकाच मातीतले, स्पर्धा एकच, आठवडाही तोच. एकाच्या पदकाचा प्रकाश असा पडला की शेजारी उभा असलेला दुसरा दिसेनासा झाला. तो एकटा गेला असता आणि चौथा आला असता, तर कदाचित त्याच्यावरही धडे लिहिले गेले असते.

हे मी केवळ कल्पनेने म्हणत नाही. चौथा आलेला खेळाडू आपल्या देशाने डोक्यावर घेतल्याची उदाहरणे आहेत. १९६० साली रोममध्ये मिल्खासिंग ४०० मीटर शर्यतीत चौथे आले. त्यांच्या नावावर आजही लोकांचा ऊर भरून येतो. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेले. ती सर्व देशाची लाडकी झाली. २०१६ साली रिओमध्ये दीपा कर्माकर जिम्नॅस्टिक्समध्ये चौथी आली आणि घराघरात पोहोचली. २०२३ साली पंजाबने शाळांच्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत ज्या चार खेळाडूंची चरित्रे घेण्याचे ठरविले, त्यांत मिल्खासिंग आहेत आणि १९६४ साली टोकियोला ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पाचवे आलेले गुरबचनसिंग रंधावाही आहेत. पाचवा आलेला माणूससुद्धा पाठ्यपुस्तकात बसू शकतो! तेव्हा दोष चौथ्या क्रमांकाचा नाही. दोष सांगणाऱ्यांचा आहे. मिल्खासिंगांची गोष्ट सांगणारे भेटले, माणगावेची गोष्ट सांगणारे भेटले नाहीत.

सांगणारे नसले म्हणजे काय होते? माणसाचे नावसुद्धा धड राहत नाही. ऑलिंपिकच्या नोंदीत या मल्लाचे नाव केशव असे आहे. खाशाबांवरच्या लिखाणात त्याचा ओझरता उल्लेख येतो तेथे तो कृष्णराव होतो. एकाच माणसाची दोन नावे छापली जातात आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. शिलालेखातले एक अक्षर झिजले तर आमचे प्राध्यापक त्यावर तासभर बोलतात. पण काल-परवा होऊन गेलेल्या माणसाच्या नावाची दुरुस्ती करण्याची आपल्याला निकड भासत नाही.

आणि माणगावे हा पहिला नव्हे. त्याच्याही बत्तीस वर्षे आधी, १९२० साली, बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला दोराबजी टाटांच्या पुढाकाराने हिंदुस्थानची एक छोटी तुकडी गेली होती. त्या तुकडीत कुमार नवले आणि रणधीर शिंदे असे दोन मराठी मल्ल होते. त्यांपैकी शिंदे फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत पोहोचला, तेथे ब्रिटनच्या मल्लाकडून हरला आणि चौथा आला. म्हणजे गट फेदरवेट, क्रमांक चौथा, माणूस मराठी. अँटवर्पला जे घडले तेच हेलसिंकीला पुन्हा घडले. या शिंद्यांचे नाव जगाच्या नोंदवहीत कसे आहे ठाऊक आहे? 'शिंदेस'. कोणा परक्या कारकुनाने शेवटी एक 'स' जोडून दिला आणि शंभर वर्षे झाली तरी तो तसाच चिकटून आहे. परक्याला शिंदे म्हणजे काय हे कळले नाही, हे समजण्यासारखे आहे. पण आपणही तो 'स' काढून टाकावा म्हणून आग्रह धरला नाही, याला काय म्हणावे?

आता या प्रश्नाकडे जरा दुसऱ्या आखाड्यातून पाहू. मुष्टियुद्धात विजेत्याशी लढण्याचा हक्क मिळविणाऱ्याला आव्हानवीर म्हणतात. हेवीवेट गटाचा इतिहास काढला की आपल्या तोंडी एकच नाव येते, महंमद अलीचे. परंतु कॅनडाचा जॉर्ज चुव्हालो आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? १९६६ साली टोरंटोला तो अलीशी पूर्ण पंधरा फेऱ्या लढला. १९७२ साली व्हँकुव्हरला पुन्हा बारा फेऱ्या लढला. दोन्ही वेळा गुणांवर हरला. त्याने एकूण ९३ व्यावसायिक लढती दिल्या, त्यांतल्या ७३ जिंकल्या. जो फ्रेझर, जॉर्ज फोरमन अशा दैत्यांचे ठोसे त्याने खाल्ले. पंचांनी लढत थांबविली असेल, पण चुव्हालो एकदाही जमिनीवर पडला नाही. जगज्जेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. तरीही मुष्टियुद्धाचे जाणकार त्याचे नाव घेताना आवाज खाली आणतात. का? कारण अली किती मोठा होता हे मोजायला चुव्हालोसारखे माप लागते. दुबळ्यांना पाडून कोणी मोठा होत नाही. पंधरा फेऱ्या समोर उभा राहणारा असेल तरच पंधराव्या फेरीतला विजय मोठा ठरतो.

आपल्याकडेही असे एक नाव आहे. पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा कौरसिंग. १९८० च्या जानेवारीत अली दिल्लीला आला असता तो त्याच्याशी प्रदर्शनीय लढत खेळला आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने हेवीवेटचे सुवर्णपदक जिंकले. पंजाबच्या पुस्तकांतल्या त्या चार चरित्रांत एक याचे आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये, हा निर्णय झाला त्याच सुमारास, तो वारला. पंजाबने आपल्या माणसाची आठवण फार उशिरा का होईना पण पुस्तकात घातली. महाराष्ट्राने माणगावेच्या बाबतीत तेवढेही केलेले मला दिसत नाही.

येथे माझे काही मित्र दोन आक्षेप घेतील. ते आक्षेप पोकळ नाहीत, म्हणून त्यांचा विचार करणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा की, खेळ म्हणजे शेवटी निकाल. 'जो जीता वही सिकंदर' असे आपल्या गोंदियाकडे सर्रास म्हणतात. इकडे निम्मे बोलणे हिंदीतच चालते. सर्वांनाच मान द्यायचा तर पदकाला किंमत काय राहिली? हेन्सन जिंकला, माणगावे हरला, प्रश्न मिटला.

मला हे मान्य आहे की तिसरा तो तिसरा आणि चौथा तो चौथा. माणगावेला मागाहून पदक द्यावे असे मी म्हणत नाही. निकाल बदला, असेही म्हणत नाही. परंतु निकाल लावणे ही पंचांची जबाबदारी आहे आणि ती त्यांनी त्याच दिवशी पार पाडली. आठवण ठेवणे ही आपली जबाबदारी आहे, तिला पंचांच्या पाटीची मर्यादा नाही. परीक्षेत गुणवत्ता यादी लागते ती बक्षिसे वाटण्यासाठी; यादीत न आलेल्याला काहीच येत नाही असा तिचा अर्थ कोणी शहाणा प्राध्यापक करीत नाही. पदक कोणाला द्यायचे आणि माणसाने केले काय, हे दोन निराळे प्रश्न आहेत. आपण पहिल्याचे उत्तर ऐकतो आणि दुसरा विचारीतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. काहीजण म्हणतील की, माणगावेवर अन्याय झाला, एका गुणाने पदक गेले, बिचारा गरीब देशाचा मल्ल, म्हणून त्याला मान द्या, असे तुझे म्हणणे आहे. ही तर नुसती हळहळ झाली. मित्रहो, मला हीच हळहळ नको आहे! 'एका गुणाने गेले हो' असे म्हणून आपण सुस्कारा टाकतो आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो. त्या एका गुणाची कथा मला महत्त्वाची वाटत नाही. तो दोन गुणांनी हरला असता तरी माझे म्हणणे हेच राहिले असते. हळहळ माणसाच्या नशिबाकडे पाहते, मान माणसाच्या कामाकडे पाहतो. लाल मातीत घडलेला पैलवान फिनलंडमध्ये गादीवर उतरतो. मातीत पाय रुततो, गादीवर तो सटकतो. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकविली की कुस्ती निकाली. तेथे वेळ बांधलेली, पंच गुण देणार, नियम परके, भाषा परकी. एवढ्या गोष्टी बदललेल्या असताना तो जगातल्या उत्तम चौघांत जातो. हे त्याचे काम आहे. यासाठी मान हवा, नशिबासाठी नव्हे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. खाशाबांची कथा आपण ज्या पद्धतीने सांगतो ती पद्धतच मला अपुरी वाटते. एका खेड्यातला मुलगा, घरचा कुस्तीचा वारसा, मदत मिळत नाही, प्राचार्य घर गहाण टाकतात आणि मुलगा पदक आणतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. पण त्याचा परिणाम असा होतो की ही सारी घटना चमत्कार वाटू लागते. चमत्काराचे एक बरे असते, त्याला नमस्कार केला की काम भागते. तो पुन्हा घडावा म्हणून कोणाला काही करावे लागत नाही.

माणगावेचे नाव शेजारी ठेवा, म्हणजे चित्र एकदम बदलते. एकाच ऑलिंपिकमध्ये, लगतच्या दोन वजनगटांत, एकाच मुलखातले दोन मल्ल तिसरे आणि चौथे येतात. हा चमत्कार असूच शकत नाही. आपण धानाच्या मुलखातली माणसे आहोत. बांधीत एकच लोंब भरलेली दिसली तर आपण योगायोग म्हणू. शेजारची लोंबही तशीच भरलेली असली तर जमीन कसदार आहे, पाणी वेळेवर मिळाले आहे, रोवणी चांगली झाली आहे असे ओळखतो. कोल्हापुरात ती जमीन कित्येक वर्षे तयार होत होती. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमी वाढविल्या, १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. गल्लीगल्लीत तालीम, तालमीत वस्ताद, वस्तादाच्या हाताखाली दहा पोरे. त्या दहांतला एक पुढे जातो, पण त्याला रोज अंगावर घेणारे उरलेले नऊ नसतील तर तो पुढे जात नाही. १९२० चा शिंदे, १९५२ चे जाधव आणि माणगावे ही त्याच मशागतीची फळे. चौथ्याला विसरल्यामुळे आपण ती मशागतच विसरलो. पुढचा मराठी माणूस ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक घेऊन आला तो थेट २०२४ साली, पॅरिसला. नेमबाज स्वप्नील कुसाळे, तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच. मध्ये बहात्तर वर्षे गेली! या बहात्तर वर्षांची कारणे अनेक असतील, पण आपण पदकाला नमस्कार करीत बसलो आणि पदकाच्या आसपास कोण कोण होते याची विचारपूस केली नाही, हे त्यांतले एक कारण आहे असे मला वाटते.

पॅरिसचाच विचार करा. भारताला पदके मिळाली ६. आणि भारताचे चौथे क्रमांक किती? तेही ६! नेमबाजीत तीन, आणि तिरंदाजी, बॅडमिंटन, वेटलिफ्टिंग यांत प्रत्येकी एक. पदकांची यादी वाचून कोणी म्हणेल, देश आहे तेथेच आहे. दोन्ही याद्या एकत्र वाचणारा म्हणेल, पीक उभे आहे, मळणी बाकी आहे. चौथ्या क्रमांकाची नोंद ठेवण्याचा हा व्यावहारिक उपयोग आहे. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे त्याच स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेला. तेथवर जाणारा तो पहिला भारतीय पुरुष. तो अकरावा आला. साताऱ्याची ललिता बाबर २०१६ साली त्याच प्रकारात दहावी आली होती. दुष्काळी माणदेशातली मुलगी जगात दहावी! पण 'पदक मिळाले का?' या एका प्रश्नापुढे हे सारे कर्तृत्व शून्य ठरते.

कोणी विचारील, हेलसिंकी आणि कोल्हापूर यांच्याशी आपल्या गोंदियाचा संबंध काय? राज्याच्या एका टोकाला कोल्हापूर आणि दुसऱ्या टोकाला आपण. माझ्या मते संबंध फार जवळचा आहे. आपल्या जिल्ह्यात चौथे येणाऱ्यांचीच संख्या मोठी आहे.

देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या भागांतून आपल्या महाविद्यालयात येणारी मुले पहा. पहाटे अंधारात ती डांबरी रस्त्यावर, तळ्याच्या पाळीवर, धुऱ्यांवरून धावत असतात. कोणाला पोलीस भरतीत उतरायचे असते, कोणाला सैन्यात, कोणाला विद्यापीठाच्या संघात निवड हवी असते. निवड चाचणीसाठी नागपूरला जायचे म्हणजे आदल्या दिवशीची गाडी, रात्री फलाटावर झोप आणि सकाळी शर्यत. असा मुलगा तेथे चौथा येतो. परत आल्यावर आम्ही त्याला विचारतो, 'काय झाले?' तो म्हणतो, 'काही नाही.' हे 'काही नाही' माझ्या मनाला फार लागते. पन्नास जणांत चौथा येऊन तो स्वतःच्या कामगिरीला 'काही नाही' म्हणतो, कारण आम्ही त्याला तसेच शिकविले आहे. पुढच्या वर्षी तो धावत नाही. रोवणीच्या दिवसांत घरी जातो, मग भातगिरणीवर कामाला लागतो, आणि त्याच्या पायांतली ती शर्यत कोणाच्याच स्मरणात राहत नाही. भरतीच्या यादीत एका गुणाने मागे राहिलेली मुले तर प्रत्येक गावात आहेत. त्यांना माणगावे कोण होता हे सांगण्याची गरज सर्वांत जास्त आहे. चौथा येणे म्हणजे नापास होणे नव्हे. तेथवर पोहोचलेला माणूस पुढच्या खेपेला कोठून सुरुवात करायची हे जाणतो, एवढे तरी त्याला कळेल.

वास्तविक आपल्या झाडीपट्टीला हे शिकवावे लागू नये. शंकरपट पाहायला जाणाऱ्यांना विचारा. पहिली आलेली जोडी बक्षीस घेऊन जाते हे खरे. पण पारावर गप्पा रंगतात तेव्हा थोडक्यात मागे राहिलेल्या जोडीचीही नावे निघतात. बैल कोणत्या गावचा, दाणीवर कसा सुटला, कोठे कमी पडला, सगळे तोंडपाठ. तेथे कोणी 'हरला म्हणजे गेला' असे म्हणत नाही, कारण बघणाऱ्याला धाव कळते. ज्याला धाव कळते तो नुसत्या निकालावर समाधान मानीत नाही. बैलांच्या बाबतीत आपण जेवढे रसिक आहोत तेवढे माणसांच्या बाबतीत व्हावे, एवढीच माझी मागणी आहे.

नुसते बोलून काही होत नाही, म्हणून दोन-तीन सूचना करतो. त्यांना पैसा लागत नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो. आपल्या वार्षिकांकात क्रीडा विभागाचा अहवाल छापला जातो. त्यात पहिल्या तिघांचीच नावे असतात. आणि संघ हरला तर 'संघाने भाग घेतला' एवढे एक वाक्य. यापुढे महाविद्यालयाच्या वतीने जो जो बाहेर खेळायला गेला त्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव, प्रकार आणि क्रमांक छापावा. चौथा तर चौथा, नववी तर नववी. खोटे मोठेपण नको, खरी नोंद हवी. दुसरे असे की, १५ जानेवारीच्या कार्यक्रमात खाशाबांच्या बरोबरीने माणगावे आणि शिंदे यांचाही परिचय करून द्यावा. निदान तीन मिनिटे. आणि तिसरी सूचना माझ्याच इतिहास विभागाला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या पैलवानांची, कबड्डीपटूंची, धावपटूंची माहिती त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवण्याचे काम पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे. ही माणसे वृद्ध होत आहेत. त्यांची नावे आज शुद्ध लिहिली नाहीत तर उद्या त्यांच्याही आडनावापुढे कोणीतरी भलताच 'स' जोडील.

मान म्हणजे पुतळा नव्हे. पुतळ्याखालून रोज जाणारी माणसेही पाटी वाचत नाहीत. माणसाने केले काय, कोणाविरुद्ध केले आणि कोणत्या परिस्थितीत केले, हे नीट समजून घेणे आणि त्याचे नाव बरोबर उच्चारणे, हाच खरा मान. माणगावेला आपण एवढेही दिलेले नाही. त्याला ते दिल्याने खाशाबांचे पदक तसूभरही लहान होणार नाही. उलट ते पदक ज्या मातीतून आले ती माती आपल्याला दिसू लागेल, आणि मग आपल्या इथल्या मातीतही तसे काही पिकू शकेल काय, हा प्रश्न विचारण्याची हिंमत आपल्याला होईल.

येत्या १५ जानेवारीला हाराजवळ उभे राहून कोणी भाषण करील, तेव्हा श्रोत्यांतल्या एकाने तरी हात वर करावा आणि विचारावे, 'सर, चौथा कोण होता?' भाषण करणाऱ्याला उत्तर देता आले, तर आपल्या महाविद्यालयात शिक्षण चालू आहे असे मी समजेन.